तटस्थता की अभयदान?
हैदराबाद संस्थान, १९४७-४८ : बघत राहणाऱ्यांच्या नैतिक जबाबदारीचा विचार

हिंसेचा विचार करताना बहुधा दोनच व्यक्ती डोळ्यांसमोर येतात : मारणारा आणि मारला जाणारा. इतिहासाच्या ग्रंथांतही या दोघांचीच नोंद होते. एकाला दोष मिळतो, दुसऱ्याला सहानुभूती मिळते आणि प्रकरण मिटते. परंतु ज्या हिंसेत शेकडो-हजारो माणसे बळी पडतात, ती हिंसा केवळ या दोघांत कधीच घडत नाही. तिच्या भोवती तिसऱ्यांचे मोठे वर्तुळ असते. ते शस्त्र उचलत नाहीत आणि त्यांच्यावर कोणी शस्त्र उगारतही नाही. ते दार लावून घेतात, फटीतून पाहतात, दुसऱ्या दिवशी बाजारात हलक्या आवाजात बोलतात आणि पुढे आयुष्यभर गप्प राहतात. संख्येने नेहमी हेच लोक अधिक असतात. म्हणून सामूहिक अत्याचार थांबणार की वाढणार, हे पुष्कळदा त्यांच्यावर अवलंबून असते.

या तिसऱ्या माणसाची जबाबदारी किती? अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजाला हा प्रश्न टाळता येत नाही. आणि बुलढाणा जिल्ह्यातील रहिवाशांना तर त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर युरोपात जाण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या दक्षिण व पश्चिम सीमेपलीकडे, १९४७ व १९४८ या दोन वर्षांत, त्या प्रश्नाची कठोर परीक्षा एकदा नव्हे तर दोनदा घेतली गेली.

सरहद्दीवरचा जिल्हा

पैनगंगेच्या काठचे देऊळघाट आज महाराष्ट्राच्या अंतर्भागात आहे. १९४८ मध्ये मात्र हा सारा परिसर एका सरहद्दीजवळचा मुलूख होता. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे. पलीकडे भोकरदन, जाफ्राबाद, सिल्लोड ही गावे निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होती. वऱ्हाड स्वतःही कधीकाळी निजामाच्याच ताब्यात होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. कागदोपत्री निजामाची मालकी मान्य होती. म्हणूनच १९३६ नंतर निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी लावली जाई.

सरहद्द नकाशावर स्पष्ट होती, माणसांच्या व्यवहारात ती तितकी स्पष्ट नव्हती. दोन्ही बाजूंना भाषा एक, पिके एक, देवस्थाने व दर्गे एक. सोयरिकी सरहद्द ओलांडून होत. जालन्याच्या पेठेशी वऱ्हाडातील व्यापाऱ्यांचा व्यवहार होता. अशा मुलखात पलीकडे काय चालले आहे याची वार्ता पोहोचायला वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नसे. बाजारकरी आणि गाडीवान ती आणीत. ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे म्हणण्याची सोय सरहद्दीवरच्या माणसाला फार थोडी असते.

पहिला फेरा : रझाकारांचा काळ

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु १६ जिल्ह्यांचे हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. त्याला चिरडण्यासाठी आणि संस्थानाचे वेगळे अस्तित्व टिकवण्यासाठी इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची रझाकार ही सशस्त्र संघटना पुढे सरसावली. तिचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली केलेला गृहस्थ होता.

रझाकारांनी मराठवाडा, तेलंगण व कन्नड जिल्ह्यांत जे केले त्याच्या आठवणी आजही गावोगावी सांगितल्या जातात. बिदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मध्ये दोनशेहून अधिक माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. ऑगस्ट १९४८ मध्ये तेलंगणातील भैरानपल्ली येथे शंभराच्या आसपास ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. लूट, जाळपोळ, खंडणी आणि स्त्रियांवरील अत्याचार यांना कंटाळून हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आणि मुंबई प्रांतात आली. सरहद्दीच्या अलीकडे छावण्या उभ्या राहिल्या; यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडची छावणी त्यांपैकीच एक. ज्यांनी या निर्वासितांना ओसरी दिली, शिधा दिला, मुलांना दूध दिले, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. परंतु ते बघत राहिले नाहीत, एवढे नक्की.

या पहिल्या फेऱ्यात सर्वांत अवघड परीक्षा संस्थानातील सामान्य मुसलमानांची होती. रझाकार त्यांच्या नावाने बोलत होते. विरोध करणे म्हणजे आपल्याच माणसांत परके होणे. तरीही काहींनी तो केला. हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवणारे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या अत्याचारांवर उघड टीका केली आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे सांगणाऱ्या मुसलमान पुढाऱ्यांच्या निवेदनाला प्रसिद्धी दिली. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कार्यालयातून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारा हात तोडण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांना वाचवू पाहणारे त्यांचे मेहुणेही जबर जखमी झाले.

शोएबुल्ला खान यांच्या घरावर रझाकारांनी चालून येण्याचे कारण नव्हते. गप्प राहिले असते तर ते सुरक्षित होते. ज्यांच्यावर अत्याचार होत होता ते त्यांच्या धर्माचे नव्हते. करणारे मात्र त्यांच्या धर्माचे होते. म्हणूनच त्यांच्या शब्दाला जे वजन होते, ते दुसऱ्या कोणाच्याही शब्दाला नव्हते. आपल्याच गटातून उठलेला निषेधाचा आवाज अत्याचाऱ्याला सर्वांत अधिक झोंबतो, कारण ‘आम्ही सर्वांच्या वतीने करीत आहोत’ हा त्याचा दावा त्या एका आवाजाने खोटा पडतो.

दुसरा फेरा : सप्टेंबर १९४८ नंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. पाच दिवसांत कारवाई संपली. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी सैन्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. मराठवाड्याची मुक्तता झाली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून दरवर्षी साजरा होतो आणि तो व्हायलाच हवा. ज्यांनी त्या लढ्यात प्राण दिले त्यांचे ऋण मोठे आहे.

परंतु त्या दिवसाच्या पाठोपाठ जे घडले, ते फारसे सांगितले जात नाही. रझाकारांचे राज्य संपताच अनेक गावांत सूडाची लाट उठली. तिने रझाकार कोण आणि शेजारचा पिंजारी, विणकर, शेतमजूर कोण, हा विवेक ठेवला नाही. या घटनांच्या वार्ता दिल्लीला पोहोचल्यावर भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे सद्‌भावना मंडळ संस्थानात गेले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात या मंडळाने १६ पैकी ९ जिल्हे पाहिले, ७ जिल्ह्यांची ठाणी, २१ शहरे व २३ महत्त्वाची खेडी यांना भेटी दिल्या आणि ज्या १०९ खेड्यांना जाता आले नाही तेथील ५०० हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या.

मंडळाच्या अहवालातील अंदाज असा की, कारवाईच्या काळात व तिच्यानंतर, अगदी सावधपणे मोजले तरी, संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली; तेथेच १८ हजारांहून कमी नाहीत असे बळी पडले. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या जिल्ह्यांतील आकडा किमान ५ हजारांचा. प्रेतांनी भरलेल्या विहिरी या मंडळाने पाहिल्या. स्त्रियांचे अपहरण, घरे व जमिनी बळकावणे, सक्तीचे धर्मांतर यांच्याही नोंदी केल्या. काही ठिकाणी सैन्यातील व स्थानिक पोलिसांतील माणसांचाही लुटीत व अन्य गुन्ह्यांत हात होता, असेही अहवालात म्हटले आहे. मारणारे केवळ रझाकारांनी पोळलेले लोक नव्हते. सरहद्दीपलीकडून, म्हणजे स्वतंत्र भारताच्या प्रांतांतून, सैन्यामागोमाग शिरलेल्या टोळ्याही त्यांत होत्या.

आकड्यांविषयी मतभेद आहेत आणि राहतील. सरदार पटेलांना या मंडळाचे निष्कर्ष मान्य नव्हते. परंतु पाच दिवसांच्या लढाईनंतर लढाईशी संबंध नसलेली हजारो माणसे मारली गेली, याविषयी अभ्यासकांत शंका उरलेली नाही.

त्याच अहवालात एक वेगळी नोंद आहे, आणि या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना, पुरुषांना व स्त्रियांना, स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवले. हा बंधुभाव एकाच धंद्यातील माणसांत विशेष दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, तेही हिंदू जमावापासून. आणि त्यासाठी काहींनी प्राणही दिले. पळवून नेलेल्या स्त्रियांच्या सुटकेसाठीही पुष्कळ हिंदूंनी मदत केली.

शोएबुल्ला खान आणि हे अनाम विणकर यांच्यात तीन-चार आठवड्यांचेच अंतर आहे. एकाने रझाकारांच्या राज्यात हिंदूंसाठी आवाज उठवला. इतरांनी रझाकारांच्या पाडावानंतर मुसलमानांसाठी दार उघडले. दोन्ही वेळा अत्याचार करणारा आपल्यापैकी होता आणि सोसणारा परका होता. बघत राहणाऱ्याची खरी परीक्षा याच क्षणी होते. आपल्या माणसावर संकट आले असता धावून जाणे स्वाभाविक आहे. त्याला धर्माची शिकवण लागत नाही. आपले लोक दुसऱ्यावर तुटून पडले असता आड येणे हे धर्माचे काम आहे.

बघत राहणारे कोण कोण होते?

‘बघत राहणारे’ हा शब्द एक असला, तरी त्यात अनेक जण सामावतात आणि सर्वांचा दोष सारखा नाही.

पहिला गट भयाने गप्प राहणाऱ्यांचा. ज्याच्या घरात लहान मुले आहेत, दाराशी जमाव आहे, हाती काही नाही, त्याने छातीठोकपणे पुढे व्हावे अशी अपेक्षा सुरक्षित काळात बसून करणे सोपे आहे. अशा माणसाला दोष देताना जीभ अडखळली पाहिजे.

दुसरा गट ज्यांच्या शब्दाला गावात वजन होते त्यांचा : पाटील, पटवारी, सावकार, मोठे व्यापारी, देवळा-मशिदीचे विश्वस्त. जमाव अशा माणसांच्या चेहऱ्याकडे पाहून पाऊल टाकतो. त्यांनी वेशीवर उभे राहून ‘या गावात हे होणार नाही’ एवढे म्हटले असते, तर पुष्कळ ठिकाणी जमाव परत फिरला असता. म्हणून सामर्थ्य जितके अधिक, तितकी जबाबदारी अधिक. प्रतिष्ठा ही शांततेच्या काळात मानपान मिळवून देते. संकटाच्या काळात तिची किंमत चुकती करावी लागते.

तिसरा गट लाभ घेणाऱ्यांचा. हे लोक हिंसेच्या वेळी घरात होते, परंतु नंतर ओसाड पडलेले घर, बेवारस झालेले शेत, लुटीतील भांडी वा जनावरे यांचा सौदा त्यांनी केला. मारले दुसऱ्यांनी, लुटले दुसऱ्यांनी, आपण तर रोख पैसे मोजून घेतले, असे त्यांचे समाधान. व्यापारी समाजाने या गटाचा विचार विशेष बारकाईने करायला हवा. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीला प्रेरणा देण्याबरोबरच चोरून आणलेली वस्तू विकत घेण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. जेथे लुटीच्या मालाला गिऱ्हाईक असते, तेथे पुढच्या लुटीचीही तयारी होते. असा खरेदीदार बघत राहणारा उरत नाही. तो त्या कृत्याचा उशिरा आलेला भागीदार असतो.

चौथा गट दूरच्यांचा : सरहद्दीपलीकडचे शेजारी, दिल्लीतील शासन, वर्तमानपत्रे आणि सारे जग. सुंदरलाल मंडळ मराठवाड्यात फिरत असतानाच, ९ डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहार रोखण्याचा व तो करणाऱ्यांना शिक्षा देण्याचा करार संमत केला. दुसऱ्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला गेला. युरोपात साठ लाख यहुदी मारले जात असताना जग बघत राहिले, या शरमेतून ते करार जन्माला आले होते. जग शहाणे होण्याची भाषा बोलत होते, त्याच आठवड्यात तीन माणसे मराठवाड्यातील विहिरींत डोकावत होती.

आणि पाचवा गट नंतरच्या पिढ्यांचा. सुंदरलाल मंडळाचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील अंश पुढे अभ्यासकांनी पुस्तकांतून छापले आणि २०१३ मध्ये, दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात तो वाचता येतो, हे सर्वत्र कळले. पासष्ट वर्षे एखादा अहवाल कपाटात राहणे, हेही एक प्रकारचे दार लावून घेणेच आहे.

कृत, कारित आणि अनुमोदित

या साऱ्यांचा न्याय कसा करायचा? जैन आचारविचारात यासाठी एक अचूक माप पूर्वीपासून आहे. कर्माचा आस्रव मोजताना केवळ हातून घडलेली कृती मोजली जात नाही. मन, वचन व काया हे तीन योग. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि दुसऱ्याने केलेल्यास अनुमती देणे हे तीन प्रकार. मनात योजना, साधनांची जुळवाजुळव आणि प्रत्यक्ष आरंभ या तीन पायऱ्या. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. यांचा गुणाकार १०८ होतो, आणि जपमाळेच्या १०८ मण्यांशी त्याचे नाते परंपरेत सांगितले जाते. पापाची एवढी दारे मोजणाऱ्या परंपरेने ‘मी हात लावला नाही’ या एका वाक्यावर कोणाची सुटका केलेली नाही.

अनुमोदन हे तिसरे दार येथे महत्त्वाचे. ‘त्यांना असेच पाहिजे होते’, ‘आधी त्यांनी केले, आता भोगा’ ही वाक्ये १९४८ च्या शरद ऋतूत किती ओसऱ्यांवर बोलली गेली असतील! बोलणाऱ्याने कोणाला मारले नाही. त्याच्या मनात व वाणीत मात्र हिंसा पूर्ण झाली. उलट भीतीने थिजलेला, परंतु मनातून हळहळणारा माणूस अनुमोदनाच्या दोषातून बराचसा सुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात : दोघेही गप्प आणि दोघेही घरात. आतला फरक ज्याचा त्यालाच ठाऊक असतो, आणि प्रतिक्रमणाचे प्रयोजन तो शोधण्यासाठीच आहे.

मौनाचे मात्र एक वैशिष्ट्य आहे. बोलणाऱ्याच्या मनात काहीही असो, जमाव मौनाचा अर्थ संमती असाच लावतो. त्यामुळे ज्याला बोलणे शक्य होते त्याचे मौन, त्याच्या मनात करुणा असूनही, बाहेर अनुमोदनाचे काम करून जाते. सामर्थ्यवानाने हे ध्यानी ठेवावे.

माध्यस्थ्य म्हणजे तटस्थता नव्हे

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. समभाव, राग-द्वेषाचा त्याग आणि माध्यस्थ्य हे तर साधनेचे आदर्श आहेत. दोन गटांच्या भांडणात न पडणे हेच मग धर्माला धरून नाही का?

शास्त्रांत सांगितलेल्या चार भावनांचा क्रम पाहिला तर शंकेचे उत्तर मिळते. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, क्लेश भोगणाऱ्यांविषयी कारुण्य आणि जे समजावूनही ऐकत नाहीत अशा विपरीत वृत्तीच्या माणसांविषयी माध्यस्थ्य. माध्यस्थ्य कोणाविषयी ठेवायचे हे येथे स्पष्ट केले आहे : अत्याचार करणाऱ्याविषयी. त्याच्यावर क्रोधाने जळू नये, त्याचा द्वेष करू नये, सूडाची इच्छा धरू नये. ज्याच्यावर अत्याचार होतो त्याच्या वाट्याला मात्र कारुण्य आहे. आणि कारुण्य निष्क्रिय राहू शकत नाही. अत्याचारी व अत्याचारित या दोघांच्या मध्ये समान अंतरावर उभे राहण्याला माध्यस्थ्य म्हणणे हा त्या शब्दाचा विपर्यास आहे.

१९४८ कडे या दृष्टीने पाहिले की दोन्ही फेऱ्यांतील चूक कळते. पहिल्या फेऱ्यात ज्यांनी सोसले, त्यांच्यापैकी काहींनी दुसऱ्या फेऱ्यात सूड घेतला. म्हणजे अत्याचाऱ्याविषयी माध्यस्थ्य ठेवले नाही आणि सूडासाठीही चुकीची माणसे निवडली. इतर अनेक जण शेजाऱ्याचे घर जळत असता ‘आम्ही मधले’ म्हणून बसले. म्हणजे जेथे कारुण्य हवे तेथे माध्यस्थ्य ठेवले. विणकराच्या घरात लपलेल्या विणकराला जे मिळाले त्याला जैन परंपरेत अतिशय थोर शब्द आहे : अभयदान. सर्व दानांत ते श्रेष्ठ मानले जाते. त्यासाठी धन लागत नाही. घराचे दार आणि ते उघडण्याचे धैर्य पुरते.

असे दार मोठ्या प्रमाणावरही उघडता येते, याचे उदाहरण त्याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला घडत होते. सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकललेल्या पोलंडच्या नागरिकांपैकी सुमारे ५,००० जण, मुख्यतः स्त्रिया व मुले, कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिले. गुजरातेत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला होता. ना भाषा एक, ना धर्म एक. जगातील अनेक बलाढ्य देशांनी दारे बंद केली असता ही दारे उघडली गेली.

कायद्याची मर्यादा

कायदा या बाबतीत किती दूर जातो? घटनास्थळी केवळ हजर असलेल्या माणसाला बेकायदा जमावाचा घटक मानून शिक्षा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निवाड्यांत स्पष्ट केले आहे. आणि ते योग्यही आहे. परंतु कायदा अगदीच मुका नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३९ व्या कलमाने खून, दरोडा, दंगल यांसारख्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना वा दंडाधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन घातले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३ व्या कलमात ते कायम आहे. कळवणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे; परंतु या कलमाची ओळख फार थोड्यांना आहे.

कायदा साक्षीदाराला न्यायालयापर्यंत बोलावू शकतो, त्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचू शकत नाही. विदर्भातच, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची गावच्याच लोकांच्या जमावाने हत्या केली. २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. गुन्हेगार आठ ठरले. पण गावात घरे अनेक होती आणि त्या सर्व घरांत माणसे होती. त्या सायंकाळी मध्ये पडणारे कोणी का निघाले नाही, हा प्रश्न कोणत्याही निकालपत्राने सुटणारा नाही. १९४८ हा केवळ युद्धकाळाचा अपवाद होता असे मानून निश्चिंत होता येत नाही, ते यामुळेच.

उरलेले कर्तव्य

१९४८ मध्ये विशीत असलेली माणसे आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत. बहुतेक काळाच्या पडद्याआड गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला शिक्षा करण्याची वा कोणाला लाजवण्याची वेळ केव्हाच टळली. परंतु पुढच्या पिढ्यांचे कर्तव्य टळलेले नाही.

पहिले कर्तव्य पूर्ण सांगण्याचे. रझाकारांचे अत्याचार सांगून सप्टेंबरनंतरचे गाळणे, किंवा सप्टेंबरनंतरचे सांगून रझाकारांचे गाळणे, हे दोन्ही अर्धसत्य आहे; आणि अर्धसत्याचा उपयोग नेहमी पुढच्या हिंसेला सरपण म्हणून होतो. अनेकान्ताचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला दोन्ही बाजू एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणे जड जाऊ नये.

दुसरे कर्तव्य ज्यांनी दार उघडले त्यांची नावे जपण्याचे. सरहद्दीवरच्या गावांत, जुन्या घराण्यांच्या आठवणींत, कोणी कोणाला धान्याच्या कोठारात लपवले, कोणी रातोरात गाडी जुंपून वेशीपार नेऊन सोडले, अशा गोष्टी अजून उरल्या असतील. विद्यालयांनी, ग्रंथालयांनी व धर्मादाय संस्थांनी त्या वेळीच लिहून घ्याव्यात. मारणाऱ्यांची नावे इतिहास आपोआप लक्षात ठेवतो. वाचवणाऱ्यांची नावे मुद्दाम लिहून ठेवावी लागतात. मुलांना ‘तू काय करशील?’ हे शिकवायचे असेल, तर कोणी काय केले हे त्यांना माहीत हवे.

तिसरे कर्तव्य पूर्वतयारीचे. जमाव दारात आल्यावर धैर्य गोळा करायला वेळ नसतो. सुंदरलाल मंडळाला विणकरांतच विशेष बंधुभाव दिसला, त्याला कारण होते. एका मागाजवळ वर्षानुवर्षे बसलेली माणसे एकमेकांची मुले, दुखणी, उधाऱ्या ओळखत होती. संकटाच्या रात्री धर्मापेक्षा ही ओळख बलवत्तर ठरली. म्हणून ज्या गावात निरनिराळ्या धर्मांची, जातींची माणसे एका पेठेत, एका शाळेत, एका पाणवठ्यावर भेटतात, तेथे ती ओळख दाट ठेवणे हाच अत्याचाराविरुद्धचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ बंदोबस्त होय. देऊळघाटासारख्या मिश्र वस्तीच्या गावांना ही संपत्ती वडिलोपार्जित मिळालेली आहे. ती अफवेच्या एका रात्रीत उधळू न देण्याची जबाबदारी ज्यांच्या शब्दाला गावात मान आहे, अशा प्रत्येकाची आहे.

संस्थांचे सुवर्णमहोत्सव हे बहुधा उभारलेल्या वास्तूंचा, दिलेल्या देणग्यांचा व पार पडलेल्या कार्यक्रमांचा हिशेब मांडतात. समाजाच्या खात्यात आणखी एक जमेची बाजू असते. ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. परक्यावर प्रसंग आला असता त्याच्यासाठी किती दारे उघडली गेली, ही ती बाजू होय. १९४८ च्या त्या अनाम विणकरांनी आपल्या खात्यात ती जमा केली. त्यांना शास्त्रे अवगत होती की नाही हे महत्त्वाचे नाही. शास्त्रांचे सार त्यांनी एका रात्रीत जगून दाखवले.